सान्यावरचं घमेलं

वहिनी, तुम्ही गेल्यापासून माझ्या घरात दुपारची माती पडते.

फार नाही, चिमूटभर. जेवण झालं की मी सान्याखाली पाय पसरून बसतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा तुळईच्या कडेनं बारीक पांढरी माती भुरभुर खाली येते. तुम्ही वर चालायला लागलात की यायची तशीच. आधी पार तुमच्या जिन्याच्या अंगाला, मग मधे, मग माझ्या डोक्यावर. हौसा म्हणते, मांजर असेल. मी म्हणालो, मांजराच्या चालण्यानं माळवदाची माती पडत नाही. ती म्हणाली, मग वारा असेल.  इतकी वर्षं तुमच्या पायाखाली राहिलेला माणूस मी. वारा कुठला आणि पाऊल कुठलं, एवढं मला कळू नये?

मी चौथी शिकलेला. लिहायची सवय नाही, अक्षर बैल मुतल्यासारखं जातं. पण तुमच्याशी बोलायची जी तऱ्हा होती ती आता राहिली नाही, म्हणून लिहितो. तुमचा सुरेश वाचेल, त्याची पोरं वाचतील. त्यांना माळवद म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला माहीत असलेल्या चार गोष्टीही लिहाव्या लागतात. रागावू नका.

आपलं न्हावऱ्याचं घर धाब्याचं. वर पत्रा नाही, कौल नाही. तुळया, तुळयांवर लाकडाच्या किलच्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढरी माती चोपून केलेलं सपाट माळवद. खाली उजेड यावा म्हणून माळवदाला टोपलीएवढं भोक ठेवतात, ते सानं. एक सानं तुमच्या अर्ध्यात, एक माझ्या अर्ध्यात. पाऊस आला की वर जाऊन सान्यावर जुनं घमेलं पालथं घालायचं आणि त्यावर दगड ठेवायचा. बाकी काही नाही.

अर्धं-अर्धं का, तेही लिहितो. किल्लारीकडं भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी दादा आणि मी वेगळे झालो. भांडण नव्हतं. घरात चुली दोन झाल्या होत्या, दारंही दोन करावीत असं ठरलं. मधली भिंत मी घातली. दादा म्हणत होता गवंडी लावू. मी म्हणालो, आपल्या घराची भिंत आपण घालू. पुढच्या चौकटीपासून मागच्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. ती नेमकी उखळावरून गेली. आजोबांनी जमिनीत गाडलेलं ते दगडी उखळ, हलवायचं म्हटलं तर घर उकरावं लागलं असतं.

तुम्ही पदर खोचून आलात. हाताला पीठ होतं.

"भावजी, दोरी हातभर सरकवा. इकडं सरका न्हाईतर तिकडं सरका, पण उखाळ सबंध ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, दोरी सरकली की वाटणी सरकली.

"तुमच्यात घ्या की मग. मला नगं. मी कुटायला तुमच्याकडं येत जाईन."

मी म्हणालो, वाटणी म्हणजे वाटणी. दोरी सरळ आहे, सरळच राहील. दादा ओट्यावर बिडी ओढत बसला होता. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत. तो म्हणाला, तुमचं दोघांचं काय ते तुम्ही बघा, मला बैलं पाजायचीत. आणि उठून गेला. त्याचं आयुष्यभर असंच होतं.

मी भिंत उखळाच्या मधोमध घातली. निम्मं उखळ तुमच्यात, निम्मं माझ्यात. अशा उखळात कुणी काही कुटू शकत नाही, हे मलाही दिसत होतं. हौसा तिच्या निम्म्यात केरसुणी उभी करते. भिंतीला शेवटचा हात फिरवून मी बाहेर आलो, तेव्हा तुम्ही अंगणात उभ्या होता. आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर मी कदाचित विसरलो असतो.

"ह्या उंबऱ्याला आता माझा पाय लागायचा न्हाई," एवढंच म्हणालात.

मग मीही म्हणालो, तुमच्या उंबऱ्याला माझाही लागणार नाही. तुम्ही पाळलंत, मीही पाळलं. हौसेनं किती वेळा मधे पडून बघितलं. इकडं आली की म्हणायची, आक्का म्हणतात आधी भावजींनी यावं. मी म्हणायचो, सांग त्यांना, पहिला शब्द कुणी काढला? ती तिकडं जायची, परत यायची, पुन्हा तेच. शेवटी तिनं नाद सोडला. तुम्ही दोघी जावा मात्र रोज एकमेकींकडं. ती तुमच्या चुलीपाशी बसायची, तुम्ही तिला अंगणापर्यंत सोडायला यायच्या आणि माझ्या दारापाशी आलं की रेघ मारल्यासारख्या थांबायच्या.

भिंतीचं मात्र तुम्हाला आजही सांगतो. ओळंबा लावून कुणीही बघावं. माझी भिंत सरळ आहे.

आपलं बोलणं सुरू झालं ते मी पडलो तेव्हापासून. जिना तुमच्या वाट्याला गेला होता, मागच्या भिंतीच्या पोटातला, तुमच्या घरातून वर जाणारा. मला वर जायचं तर बाहेरून शिडी. आषाढातली सर आली, मी घमेलं घालायला शिडीवर चढलो आणि वरची पायरी तुटली. खाली चिखल होता म्हणून वाचलो. कमरेला दणका बसला, बोलायला दम निघेना. तुम्ही वरच होता, तुमचं सानं झाकत. तुम्ही मला पडताना बघितलंत. मला हाक मारणार नव्हता, मारली नाहीत. माझ्या सान्यावर वाकून खाली घरात म्हणालात,

"हौसा, तुझं माणूस मागच्या अंगाला पडलंय बघ. उचलून घे, भिजतंय."

एखादं धुणं दोरीवरून पडलंय असा आवाज. हौसा धावत येईपर्यंत तुम्ही माझ्या सान्यावर घमेलं घातलेलंही होतं. माझी कंबर धरली ती धरलीच, आणि त्या दिवसापासून पाऊस आला की माझं सानंही तुम्हीच झाकायच्या. मी कधी सांगितलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाही.

मग तुम्हाला ती सवयच लागली. कुरडया घालायला, मिरच्या वाळवायला, गवत उपटायला माळवदावर आलात की माझ्या सान्यापाशी थांबायच्या. खाली जमिनीवर उन्हाचा गोल पडलेला असायचा, तो काळा व्हायचा. म्हणजे तुम्ही वाकल्या. मग आवाज. माझं नाव नाही, भावजी नाही. "ह्या घरात कुणी असंल तर सांगा, गाय सुटलीय." "कुणी असंल तर बघा, लाईट आलीय, मोटर टाका." मीही वर न बघता म्हणायचो, हौसा, कुणी काही म्हणतंय, त्यांना सांग ऐकलं. हौसा परसात असायची. तिला ऐकूही जायचं नाही. आपण दोघं तिच्या नावानं बोलत राहायचो. ती म्हणायची, तुमचा संसार माझ्या जिवावर चाललाय.

मिरच्यांचं आठवतं का? तुम्ही माझ्या सान्याच्या कडेपर्यंत मिरच्या पसरल्या होत्या. माळवदावर वाटणी नाही, हे तुमचं म्हणणं. खाली भिंत, वर काहीच नाही. वाऱ्यानं का कशानं मूठभर मिरच्या घरंगळल्या त्या सरळ माझ्या पेटल्या चुलीत. असा ठसका उठला की हौसा एका दारानं, मी दुसऱ्या दारानं, आणि आमच्याकडं कांद्याचं विचारायला आलेला व्यापारी डोळे झाकून भिंतीवर जाऊन आदळला. मी अंगणात उभा राहून आभाळाकडं बघून काय काय बोललो. वरून तुमचा हसण्याचा आवाज. पदर तोंडात कोंबलेला होता, तरी येत होता. खूप वेळ हसत होता तुम्ही. दादा जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. त्यानंतर तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं, म्हणून मी बोलणं जरा लांबवलं. व्यापाऱ्याला वाटलं म्हातारा फारच तापट आहे.

दादाचंही सान्यातूनच कळलं होतं. सकाळी गोल काळा झाला आणि मी नेहमीसारखा थांबलो. तुम्ही म्हणालात, "भावजी." वाटणीनंतर पहिल्यांदा. "भावजी, ह्यांना उठवतीय. उठत न्हाईत."

मी पोचलो तोवर शेजारच्यांनी त्याला बाहेर ओट्यावर आणलं होतं. मला आत यायची गरज पडली नाही. पडली असती तर मी आलो असतो की नाही, हे तुम्ही पुढं एकदाही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. कधीतरी विचाराल असं मला वाटायचं. तुम्ही विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.

आपला एक वाद तेवढा राहून गेला, गळतीचा. मधल्या भिंतीच्या डोक्यावर, दोन्हीकडून, दर पावसाळ्यात पाणी उतरायचं. तुम्ही म्हणायच्या पाणी माझ्या सान्याच्या कडेनं शिरतं. मी म्हणायचो तुमच्या जिन्याच्या तोंडाशी शिरतं आणि तुळईवरून चालत येऊन मधे टपकतं. पाणी जिथं शिरतं तिथं पडत नाही, एवढं माळवदाखाली राहणाऱ्या कुणालाही कळतं. तुमचं माहेर दौंडकडं, भीमेच्या काठाला. तुमच्याकडं म्हणे मातीत गव्हाचा भुसा आणि शेण कालवून चोपतात. मी म्हणायचो भुसा कुजतो. तुम्ही सान्यातून म्हणालात, "ह्या घरात कुणाला सांगा, आमच्या माहेरची माळवदं अजून उभी हायती." मी म्हणालो, हौसा, विचार त्यांना, मग गळतात किती?

रोहिणी निघायच्या आधी आपण दोघं माळवद चोपायचो. माझी शिडी दुरुस्त करून दोन्ही बाजूंनी बांधली होती, हौसा खाली धरून उभी राहायची. तुम्ही तुमच्या अंगानं, मी माझ्या अंगानं, पाठीला पाठ. तुमचा चोपायचा धुम्मस पडला की माझा, माझा पडला की तुमचा. खालून येणारेजाणारे म्हणायचे, काय लय लागलीय बघा म्हाताऱ्यांची. आपण दोघंही ऐकलं नाही असं दाखवायचो. मधे कुठं थांबायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण वर रेघ नव्हती. तुम्ही मागं मागं येत माझ्या हद्दीत यायच्या, मी तुमच्या. पाठ लागेल असं वाटलं की दोघंही खाकरायचो.

आता माघातलं लिहितो. ते लिहायलाच बसलोय.

तुमची तब्येत उतरल्याचं हौसा सांगत होती. जेवण जात नाही, पाय सुजलेत. मी म्हणालो, मग माळवदावर कशाला चढतात? ती म्हणाली, तुम्हीच सांगा त्यांना. त्या दिवशी हौसा ऊसतोडीच्या बायांना पाणी द्यायला गेली होती, घरात मी एकटा. माती पडली. आधी जिन्याकडं, मग बऱ्याच वेळानं मधे, मग पुन्हा बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यावर. पाऊल जड होतं, एक घासत होतं. मग गोल काळा झाला.

मी थांबलो. नेहमी तुम्हीच सुरुवात करता, ती रीतच होती. वरून खाली. मी कान देऊन बसलो. तुमचा श्वास ऐकू येत होता, लागलेला. बांगडी दगडाला लागल्यासारखा बारीक आवाज आला. "ह्या घरात कुणी असंल तर" एवढंही नाही. मी वर बघितलं नाही. वर बघायची आपली रीत नव्हती. किती वेळ ते चाललं, सांगता येणार नाही. मग गोल उजळला. माती पुन्हा पडत पडत जिन्याकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सुरेश जीप घेऊन आला आणि तुम्हाला दौंडला दवाखान्यात नेलं. तुम्ही परत आलात ते तशा. अंगणात ठेवलं होतं. मी अंगणातच उभा राहिलो.

हौसेला मी हे सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती का? मी म्हणालो, बोलायला त्या आल्या होत्या, मी माझ्या घरात बसलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकऱ्या थापायला गेली. पण वहिनी, तेव्हापासून गोलावर नुसता ढग आला तरी माझा घास हातात राहतो. मी थांबतो. तुम्ही काय सांगायला आला होता? गाय सुटली होती का? सुरेशबद्दल काही होतं? का दादाचं? का त्या उखळाचं? मी सान्याखालून उठत नाही. कुणी दारात आलं तरी म्हणतो, थांबा, जरा गप्प बसा. गावात बोलायला लागलेत की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

आणि आता सुरेश स्लॅब टाकायचं म्हणतो. तो तुमचाच पोरगा, गोड बोलून कोपऱ्यात घेतो. रांजणगावला कंपनीत सुपरवायझर झालाय, चार माणसं हाताखाली आहेत. तेराव्याच्या दिवशीच म्हणाला, "काका, माळवद एकच हाय, तुमी हो म्हणल्याशिवाय माझं अर्धं उतरवता येत न्हाई. तिकडं भूकंपात असल्याच मातीखाली माणसं गेली. पावसाच्या आत सेंटरिंग लावू, दोन्ही घरं वॉटरप्रूफ होतील. लीकेजचं टेन्शन न्हाई." मी विचारलं, सानं? तो हसला. म्हणाला, ट्यूब लावू की, भक्क उजेड पडेल. मी म्हणालो, बघू. रविवारी आला, पुन्हा म्हणालो, बघू. त्याच्या पुढच्या रविवारी तो जरा चिडला. ही गळती शोधण्यात तुझ्या आईनं आणि मी जन्म घालवला, असं म्हणालो तर म्हणाला, म्हणूनच म्हणतोय काका.

त्याचं चूक नाही. पण सानं बुजलं की तुम्ही कुठून बोलणार, हे मी त्याला कसं सांगू? तुम्ही अर्धवट टाकून गेलात. ते पुरं झाल्याशिवाय मी भोक बुजवू देणार नव्हतो. महिनाभर मी त्याला हो म्हटलं नाही.

परवा अवकाळी आला. चैत्रात काय पाऊस, पण दुपारी आभाळ भरलं आणि वारा सुटला. दोन्ही सानी उघडी. माझी शिडी यंदा वाळवीनं खाल्लेली, हौसा म्हणाली शिडीला हात लावलात तर मी माहेरी जाईन. या वयात तिचं माहेर कुठं राहिलंय? मग ती खुंटीवरची तुमच्या घराची किल्ली घेऊन आली. सुरेशनं तिच्याकडं ठेवली होती. माझ्या हातात दिली. म्हणाली, "जिना हाय की. जावा. मी हातरुणं गोळा करते." आणि पाठ फिरवून आत गेली. मला विचार करायला जागाच ठेवली नाही. तुम्ही दोघींनी आधी ठरवून ठेवलं होतं का, असाही मला संशय आहे.

मी तुमचं कुलूप काढलं. उंबऱ्याशी थांबलो. टपोरे थेंब पाठीवर पडायला लागले होते. मग आत गेलो.

घरात तुमचा वास होता, राखेचा आणि कापराचा. अंधार होता, सान्याखाली तेवढा उजेड. तिथं माझा पाय मुरगळला. खाली बघितलं तर जमीन खोलगट. सगळं घर सारवून आरशासारखं ठेवलेलं आणि सान्याखाली मात्र परातीएवढा खळगा. माती भरलेली, पुन्हा खचलेली, पुन्हा भरलेली, थरावर थर. कडेला जुन्या थेंबांची बारीक भोकं. एवढी नीटनेटकी बाई, पाऊस घरात कसा येऊ देते, असं मनात आलं. थांबायला वेळ नव्हता. जिना चढलो. अरुंद आणि काळोखी, भिंतीला हात लावत. तुमचे हात लागून लागून तिथली भिंत गुळगुळीत झालीय.

वर आलो आणि तुमचं सानं पायाशीच. जिन्याच्या तोंडापासून दोन पावलं. घमेलं आणि दगड तिथंच ठेवलेले. आणि माझं सानं पार त्या टोकाला, पन्हळीजवळ. मी तुमच्या सान्यावर घमेलं घातलं, दगड ठेवला, आणि तसाच वाकलेला राहिलो. तेव्हा खळग्याचं कळलं.

तुम्ही दर वेळी आपलं सानं ओलांडून आधी माझ्याकडं जायच्या. माझं झाकून परत येईपर्यंत तुमच्या घरात पाऊस पडायचा. मग तुम्ही तुमचं झाकायच्या, खाली जाऊन खळग्यात माती भरायच्या. माझ्या घरातली जमीन इतक्या वर्षांत सान्याखाली भिजली नाही. मी समजायचो, माझी जमीन पक्की केलेली आहे म्हणून.

हे तुम्ही बरोबर केलं नाहीत वहिनी. आधी आपलं झाकायचं असतं. जवळचं टाकून लांबचं कोण झाकतं? मला सांगितलं असतं तर मी तेव्हाच म्हणालो असतो, की हे चुकीचं आहे. हौसेकडून निरोप पाठवला असता.

मी माझ्या टोकाला जाईपर्यंत पाऊस भरात आला. चालताना बघितलं, पाय भराभर उचलत नव्हते, एक घासत होता. खाली माती पडत असणार. सान्याशी पोचलो, घमेलं उचललं, झाकायच्या आधी वाकून खाली बघितलं. जन्मात पहिल्यांदा तिथून बघितलं. गोल तुकडा दिसतो आपल्या घराचा. माझं बसायचं पोतं, पाण्याचा तांब्या, चुलीचा कोपरा. मधली भिंत त्या गोलात येत नाही. हौसा गोधडी ओढत होती. उजेड कमी झाल्यावर ती थबकली. वर बघितलं नाही. हात चालू ठेवूनच म्हणाली,

"आल्या का आक्का? झाका बिगीबिगी."

मग तिचा हात थांबला. तरी तिनं वर बघितलं नाही.

मला बोलायचं होतं. मी आहे, एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. पाऊस कानात, श्वास लागलेला, कंबर वाकलेली, आणि खाली आपलं माणूस आपल्या शब्दाची वाट बघत तसंच उभं. काय बोलावं ते कळेना. सांगण्यासारखं काही नव्हतंही. गाय सुटली नव्हती, लाईट आली नव्हती. बघत राहावं एवढंच वाटत होतं. मी किती वेळ तसा वाकून होतो, हौसा सांगेल. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग घमेलं घातलं, दगड ठेवला.

खाली आल्यावर तुमच्या घरात बसलो. पाऊस थांबेपर्यंत बसलो. गळती बघितली. कुठून येते ते माझ्या लक्षात आलं आहे, पण ते इथं लिहीत नाही. वाद संपवून टाकायची मला घाई नाही.

काल सुरेशला फोन लावायला सांगितला. म्हणालो, तुझ्या आईचं वर्ष होऊ दे, मग टाक तुझा स्लॅब. तोवर दोन्ही सानी मी झाकेन, किल्ली माझ्याकडं राहील. तो म्हणाला, काका, पावसात चढू नका, पडाल. मी म्हणालो, पडलो तर सांगणारं कुणीतरी वर असतं.  तो म्हणाला, बरं काका.

आज मी तुमच्या सान्याखालचा खळगा भरला. मुरूम घालून, माती घालून, धुम्मसानं चोपून, वर हौसेनं सारवलं. भुसा घातला नाही. कडा जमिनीला सरळ मिळवली आहे, बोट फिरवून बघा, कळायचं नाही.

आणि वहिनी, तुमची अट होती की आधी मी यायचं. मी आलो. पाऊस होता, काम होतं, ते सगळं खरं, पण उंबरा ओलांडला तो ओलांडला, आणि तुम्ही बघितलंही असेल. त्यावर आता चर्चा करायची नाही. दुपारी जेवण झालं की मी दार लोटत नाही. हौसा म्हणते कुत्री आत येतील. मी उठत नाही. पोत्याच्या शेजारी जागा करून ठेवली आहे. माळवदावरून वाकायची आता गरज नाही, तुमचे पाय दुखतात. पुढच्या दारानं या. आता तुमची पाळी.